मुंबईत एकट्याने इटालियन जेवायला जाताना

हा लेख साखळी पिझ्झा दुकानांबद्दल नाही. वांद्रे, काळा घोडा, फोर्ट या भागांत मालक स्वतः गल्ल्यावर किंवा भटारखान्यात दिसतो अशी छोटी इटालियन हॉटेलं आहेत, त्यांच्याबद्दल आहे.

आधी फोन करा, कारण दुपार आणि रात्रीच्या मध्ये बरीच ठिकाणं बंद असतात. शनिवार-रविवार टाळा. रात्री उघडल्या उघडल्या पोचलात तर एकट्यालाही नीट टेबल मिळतं. वॉशरूमजवळचं दाखवलं तर सरळ दुसरं मागा. पाणी विचारतील तेव्हा ‘साधं’ म्हणा.

‘सोबत पुस्तक न्या’ हा सल्ला देणाऱ्यांनी मिणमिणत्या उजेडात एका हाताने स्पॅगेटी खाऊन दाखवावी.

खरी गोची होते ती ऑर्डर देताना. आपल्याकडे मेनू चौघांनी वाटून खायच्या हिशेबाने वाचला जातो. त्यात कॅप्टन वही घेऊन उभा असतो, ‘सर, स्टार्टर?’ एकच डिश सांगायची लाज वाटते आणि भिडेखातर सूप, गार्लिक ब्रेड, पास्ता असं सगळं मागवलं जातं. पास्ता येईपर्यंत पोट भरलेलं असतं. म्हणून बसल्याबरोबर सांगून टाका: ‘मी एकटाच आहे, एकच डिश घेणार.’ कोणी काही म्हणत नाही. वर एखादं गोड घेतलंत तर उत्तमच. गार्लिक ब्रेड मात्र अजिबात नको. एक तर हा प्रकार अमेरिकेत रुजलेला, आणि एकट्या माणसाच्या भुकेचा तो शत्रू आहे.

मग ती एक डिश कोणती? नवीन ठिकाणी मी आल्यो ए ओल्यो घेतो. त्यात लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची आणि पास्ता, फार तर वर थोडी पार्स्ली. क्रीम नाही, चीजचा डोंगर नाही, त्यामुळे आचाऱ्याला लपायला जागाच नाही. लसूण करपली असेल तर पहिल्या घासालाच कळतं. पास्ता दाताला किंचित लागला की ‘कच्चा आहे’ म्हणून परत पाठवू नका; तो तसाच हवा. काट्यावर तीन-चारच शेवया घ्या, टोक ताटलीच्या कडेला टेकवा आणि फिरवा. सुरी लावू नका.

पिझ्झा हवा असेल तर नेपल्सच्या धाटणीचा, मध्ये पातळ आणि कडांना फुगलेला घ्या. तिकडे तो माणशी एक असाच खातात, त्यामुळे अख्खा मागवायला संकोच नको. रिसोत्तोला, म्हणजे इटालियन मऊ भाताला, साधारण वीस मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला आला तर भात आधीच अर्धा शिजवून ठेवला होता असं समजा.

शाकाहारी मंडळींनी एक विचारून घ्यावं. अस्सल पार्मिजानो रेज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पाचक द्रव्याने, जमवतात. मेनूवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, कोणतं चीज वापरता ते विचारा. कांदा-लसूण नको असेल तर तेही आधीच सांगा, मुंबईतल्या वेटरला ते नवीन नाही.

बिलात ५ टक्के जीएसटी असेल, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज वेगळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना उचलून धरल्या. काढायला सांगा, आणि जेवण आवडलं असेल तर टीप वेटरच्या हातात द्या. उरलेला पिझ्झा पार्सल करून घ्या. पास्ता मात्र नको; लॉजवर उतरला असाल तर खोलीत तो गरम कुठे करणार?