उपग्रह प्रतिमांवरून शेतातील मातीच्या धुपेचा नकाशा कसा तयार करावा

शेतजमिनीची हेक्टरी वार्षिक धूप किती टन होते, याचा अंदाज 'रसल' (RUSLE, म्हणजे मातीच्या धुपेचे सुधारित सार्वत्रिक समीकरण) या सूत्राने काढतात. त्यात पाऊस (आर), मातीची धूपप्रवणता (के), उताराची लांबी व तीव्रता (एलएस), पीक-आच्छादन (सी) आणि बांधबंदिस्ती (पी) या पाच घटकांचा गुणाकार असतो. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या विनामूल्य संगणक प्रणालीत प्रत्येक घटकाचा थर, म्हणजे स्वतंत्र नकाशा, करावा. येथे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्याचे आहे; त्यासाठी यूटीएम ४३ उत्तर हे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) घ्यावे.

पहिला थर पावसाचा. भारतात रूढ असलेल्या एका सूत्रानुसार वार्षिक पावसाच्या मिलिमीटरला ०.३६३ ने गुणून त्यात ७९ मिळवतात. शिरोळकडे ६०० मिलिमीटर धरल्यास आर सुमारे २९७ येतो, तर गगनबावड्यात ५,००० धरल्यास १,८९४. घाटमाथ्यापासून थोड्या अंतरावरही पाऊस झपाट्याने बदलत असल्याने उपग्रहीय पर्जन्यापेक्षा महसूल मंडळातील पर्जन्यमापकांच्या नोंदी अधिक भरवशाच्या. के मातीचा पोत व सेंद्रिय कर्ब यांवरून ठरवावा. त्याची एकके आरशी जुळणे आवश्यक आहे.

एलएससाठी एसआरटीएम या अवकाशातील रडार मोहिमेची ३० मीटर विभेदनाची (एक चौकट ३० मीटरची) उंचीची माहिती पुरते, मात्र त्यात भातखाचरांचे बांध दिसत नाहीत. त्यामुळे राधानगरी, आजरा भागातील खाचरांची धूप अवाजवी दिसते. यावर उपाय म्हणजे अधिक बारकावे दाखवणाऱ्या प्रतिमेवरून खाचरे आखून त्यांना पीचे कमी मूल्य देणे. बांध नसलेल्या उताराला १ द्यावे.

खरी कसोटी सीची. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या आठव्या (अवरक्त) व चौथ्या (लाल) प्रकाशपट्ट्यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, मिळतो. सी काढण्याच्या एका प्रचलित सूत्रानुसार एनडीव्हीआय ०.२ असल्यास सी ०.६१ येतो आणि ०.७ असल्यास जेमतेम ०.०१. म्हणजे प्रतिमेची तारीख बदलताच नकाशा बदलतो! हिवाळ्यातील निरभ्र प्रतिमा सोयीची वाटते, पण तीत उभा ऊस दिसतो. नाचणीची वरकस जमीन जूनमध्ये उघडी असताना झोडपणारा पाऊस मात्र हिशेबातून निसटतो. म्हणून मेअखेरची, सप्टेंबरच्या उघडिपीतील आणि डिसेंबरची अशा तीन प्रतिमा घेऊन त्या-त्या काळातील पावसाच्या प्रमाणात सीची भारित सरासरी काढावी. जुलै-ऑगस्टमधील ढगाळ प्रतिमा वगळाव्यात.

पाचही थरांचा गुणाकार करून कमी ते तीव्र असे वर्ग पाडावेत आणि तीव्र दिसलेली काही शेते प्रत्यक्ष पाहावीत: वर आलेले खडे, उघडी मुळे, बांधाशी साचलेला गाळ. मोठ्या घळींतून होणारी झीज या सूत्रात मोजली जात नाही, त्यामुळे त्या स्पष्ट प्रतिमेवरून स्वतंत्र रेषांनी आखाव्यात.