वीस वर्षांपूर्वीचे मराठी चित्रपट पुन्हा पाहून स्वतःचे मत कसे मांडावे

२००४ ते २०१० या काळात मराठीत आलेल्या चित्रपटांविषयी आपल्यापैकी बहुतेकांचे मत केव्हाच ठरून गेलेले आहे. ‘श्वास’ पाहताना रडू आले, ‘वळू’ पाहताना हसू आले, ‘डोंबिवली फास्ट’ पाहून रक्त सळसळले, असे आपण सांगतो. त्या आठवणी खऱ्या असतात, परंतु त्यांच्यात चित्रपटाइतकाच त्या संध्याकाळचा, सोबतच्या माणसांचा आणि आपल्या तेव्हाच्या वयाचाही वाटा असतो. हे चित्रपट पुन्हा पाहून त्यांच्यावर चार पाने लिहावीत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी मी स्वतः पाळत आलेली पद्धत येथे मांडते आहे. तिचे मुख्य सूत्र असे की, आपले प्रत्येक मत चित्रपटातल्या बोट ठेवून दाखवता येईल अशा एखाद्या जागेवर उभे असले पाहिजे.

सुरुवातीला फार चित्रपट निवडू नयेत, तीन पुरेसे आहेत. ते एकमेकांपासून वेगळे असावेत, म्हणजे एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावण्याचा मोह होत नाही. चित्रपट लावण्यापूर्वी कागद घेऊन, त्यातले आपल्याला काय आठवते ते दहा ओळींत लिहून काढावे आणि त्याखाली तारीख घालावी. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मला सर्वांत जास्त तिनेच शिकवले आहे, कारण चित्रपट पुन्हा पाहिल्यावर जुनी आठवण नकळत दुरुस्त होते आणि आपण आधी काय धरून बसलो होतो हे कायमचे पुसले जाते.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’बाबत माझे असेच झाले. १९५४ साली ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर तो मान मराठीकडे आला तो २००४ मध्ये, ‘श्वास’च्या रूपाने. पुढे भारताने ऑस्करसाठीही तोच पाठवला. या सगळ्या कौतुकामुळे असेल, माझ्या दहा ओळींत केवळ परशा होता: डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेला कोकणातला लहान मुलगा आणि शस्त्रक्रियेआधी त्याला जग दाखवायला घेऊन निघालेले आजोबा. प्रत्यक्षात चित्रपटाचा मोठा भाग रुग्णालयात घडतो. संदीप कुलकर्णी यांनी उभा केलेला डॉक्टर वाईट नाही, तो घाईत आहे. अमृता सुभाष यांची समाजसेविका त्या घाईत आणि खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याच्या गोंधळात दुवा होऊ पाहते. आणि शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला खरे सांगितलेच पाहिजे, हा आग्रह सगळ्या कथेच्या मध्यभागी आहे. तरुणपणी मला हा चित्रपट मुलाचा वाटला होता. घरातल्या एका वडीलधाऱ्यांना घेऊन रुग्णालयाच्या बाकांवर दिवस काढल्यानंतर तो मला अरुण नलावडे यांच्या आजोबांचा वाटतो. आपल्या शब्दांत न मावणारी गोष्ट एका लहान मुलाला सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर येऊन पडली आहे, अशा माणसाची ती कथा आहे. दहा ओळी आधी लिहून ठेवल्या नसत्या, तर हा फरक माझ्या ध्यानात आला नसता.

चित्रपट एका बैठकीत, दिवे मंद करून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावा. दूरचित्रवाणी संचावर पाहत असाल तर चित्र आडवे ताणलेले नाही ना, एवढे आधी तपासावे. माणसांचे चेहरे रुंद दिसू लागले की छायाचित्रणाविषयी काहीही लिहिण्याचा आपला अधिकार संपतो. पाहताना सलग टिपणे काढू नयेत. ज्या क्षणी आपण सावरून बसलो, कंटाळलो किंवा गोंधळलो, त्या क्षणाची वेळ आणि दोन शब्द एवढेच टिपावे. कंटाळ्याची नोंद तर अवश्य करावी, कारण नंतर लिहिताना आपण तिचा प्रामाणिकपणे माग काढला की, संथपणा चित्रपटाच्या स्वभावात होता की पटकथाच तिथे थांबून राहिली होती, हे कळू लागते.

चित्रपट संपल्यावर दुसऱ्याचे परीक्षण लगेच वाचू नये. निदान एक रात्र जाऊ द्यावी, आणि लिहायला बसल्यावर पहिले वाक्य एखाद्या प्रसंगाविषयी लिहावे. ‘हा एक अप्रतिम चित्रपट आहे’ असे पहिले वाक्य लिहिले की पुढची सगळी वाक्ये त्याची वकिली करू लागतात.

प्रसंगाकडे कसे पाहावे, हे सचिन कुंडलकर यांच्या ‘गंध’वरून चांगले शिकता येते, म्हणून येथे थोडे थांबते. २००९च्या या चित्रपटात तीन कथा आहेत आणि तिन्हींना जोडणारा धागा वासाचा आहे. पडद्यावर वास दाखवता येत नाही. मग दिग्दर्शकाने काय केले, हा प्रश्न घेऊन बसावे. पहिल्या कथेत लग्नाचे वय झालेली मुलगी एका तरुणाच्या अंगाच्या वासाने ओढली जाते आणि त्या वासाचे मूळ पुढे उदबत्तीच्या कारखान्यात सापडते. तिथे वास आपल्यापर्यंत पोचतो तो अमृता सुभाष यांच्या चेहऱ्यावरून. दुसऱ्या कथेत एचआयव्हीची लागण झालेला एक छायाचित्रकार आणि त्याच्यापासून दुरावलेली पत्नी आहे. तिसरी कथा मात्र मला त्या दशकातल्या मराठी चित्रपटांतली सर्वांत पक्की रचना वाटते. कोकणातल्या घरात, पावसाच्या दिवसांत, पाळीमुळे ‘बाजूला बसलेली’ बाई. घरात बाळ जन्माला येते आहे आणि तिला तिथे जाता येत नाही. नीना कुळकर्णी यांच्या या व्यक्तिरेखेला घर ऐकू येते, घराचा वास येतो, पण तिला ते शिवता येत नाही, आणि प्रेक्षक म्हणून आपली अवस्थाही तीच होते. या चित्रपटाला ध्वनिमुद्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तिसरी कथा एकदा कानांना हेडफोन लावून, काही मिनिटे डोळे मिटून ऐकावी, म्हणजे तो कशासाठी मिळाला असेल ते उमगते. कुंडलकरांना पटकथेसाठी मिळालेल्या पुरस्काराविषयीही मला हेच म्हणायचे आहे की, बाईला बाहेर बसवण्याच्या प्रथेवर एकही भाषण न देता ती प्रथा काय हिरावून घेते हे त्यांनी केवळ अंतराच्या मांडणीतून दाखवले. पहिल्या दोन कथा मला इतक्या घट्ट वाटत नाहीत आणि परीक्षणात तेही लिहावे. एका चित्रपटाच्या तीन भागांविषयी तीन मते असणे यात काही वावगे नाही.

आता ज्या चुकीविषयी मला सर्वाधिक तळमळ आहे तिच्याकडे येते. आपल्याकडे विषय गंभीर असला की चित्रपटाला आपोआप थोर ठरवले जाते. शेतकऱ्यांची आत्महत्या, जोगत्यांचे आयुष्य, मुलांची उपेक्षा असे विषय आले की परीक्षण विषयावरच्या निबंधात विरघळते. हे चित्रपटकर्त्यांवर अन्याय करणारे आहे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ विदर्भातल्या शेतकऱ्याविषयी आहे एवढे सांगून त्याचे काहीच सांगून होत नाही. त्याची खरी कल्पकता अशी की, गावात एकाने जीव दिल्यानंतर अलकाला आपल्या नवऱ्याची, किसनाची, धास्ती वाटू लागते आणि ती सासूला व लहानग्या मुलाला त्याच्यावर पाळत ठेवायला लावते. भीतीतून आलेली ही पाळत पाहताना आपण हसतो, आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. म्हणून लिहिताना विषयाला एक परिच्छेद द्यावा आणि उरलेली जागा हाताळणीला: कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, कोणती गोष्ट दाखवायची टाळली आहे, बोली नटांच्या तोंडी कितपत मुरली आहे, संगीत कुठे थांबते.

आपले मत बदलले असेल तर ते लपवू नये. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ मध्ये आला तेव्हा मी तो भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला. त्यातला बँकेतला कारकून माधव आपटे हातात बॅट घेऊन निघाला की टाळ्या पडत आणि त्यांत माझ्याही होत्या. आज त्या टाळ्यांची मला भीती वाटते. सुरुवातीला रोजचे उठणे, डबा, लोकल आणि बँक यांचे जे आवर्तन पुन्हा पुन्हा दाखवले आहे, ते मला आजही चित्रपटाचे सर्वांत सामर्थ्यवान अंग वाटते, कारण माणूस कशाने पिचतो हे तिथे एका शब्दाविना कळते. पण प्रामाणिक माणसाच्या संतापाला चित्रपट कुठपर्यंत साथ देतो आणि कुठे त्याच्यापासून दूर होतो, याचा निवाडा मला पूर्वीइतका सोपा वाटत नाही. याच चित्रपटाची १९९३च्या ‘फॉलिंग डाउन’ या अमेरिकी चित्रपटाशी तुलना होते. अशा वेळी साम्याचा उल्लेख करून थांबू नये. तिथल्या नायकापेक्षा इथला बँकेतला कारकून कुठे वेगळा पडतो, ते शोधावे. नोकरी, बायको, मुले, चाकरमान्याची इभ्रत हे सारे हाताशी असताना आपटे फुटतो, आणि माझ्या मते या चित्रपटाचे मराठीपण त्यात आहे.

कच्चा मजकूर झाल्यावर आपल्या मतावर सर्वांत कडक आक्षेप कोणता येईल तो स्वतःच लिहावा आणि त्यासाठी चित्रपटाचा तेवढा भाग पुन्हा पाहावा. ‘वळू’ला मी निव्वळ विनोदी चित्रपट म्हटले होते. कुसवडे गावाच्या सगळ्या भानगडी डुरक्या या मोकाट बैलाच्या माथी मारल्या जातात, हा प्रसन्न खेळ आहे असे मी लिहिले. मग आक्षेप म्हणून विचारले की, त्या बैलाचा अपराध नेमका काय? उत्तरासाठी शेवटची वीस मिनिटे पुन्हा पाहिली आणि परिच्छेद बदलावा लागला. उमेश कुलकर्णी हसवता हसवता एका मुक्या जनावराला सगळ्या गावाविरुद्ध एकटे पाडतात, हे मला पहिल्या खेपेस दिसले नव्हते.

त्यांच्याच ‘विहीर’विषयी मात्र माझे मत अजून एका जागी बसलेले नाही. जिवलग भाऊ नचिकेत मरण पावल्यानंतर समीर त्याला शोधत राहतो, तो उत्तरार्ध एकदा मला लांबलेला वाटला आणि दुसऱ्यांदा पाहताना अपुरा वाटला. अशा वेळी दोन्ही टिपणे तारखांसह एकाखाली एक ठेवावीत आणि एकाला खोडून दुसरे पक्के करण्याची घाई करू नये. माझ्या वहीत ‘विहीर’च्या दुसऱ्या टिपणाखाली अर्धे पान कोरे सोडलेले आहे.