अमेरिकेतील नोकरी परदेशी गेल्यास कुटुंबाने काय करावे
कंपनी काम परदेशी हलवत असल्याचे कळताच राजीनाम्यावर घाईने सही करू नये, कारण स्वतःहून नोकरी सोडल्यास बेकारी भत्त्याचा हक्क बहुधा जातो. १९८८च्या संघीय कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला कारखाना बंद करण्यापूर्वी सामान्यतः ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ती जपून ठेवावी. खरा घाव आरोग्यविम्यावर बसतो, आणि घरात आजारी माणूस असल्यास त्याकडे पगाराच्याही आधी पाहावे: कोब्रा कायद्याखाली जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, परंतु पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागत असल्याने सरकारी विमाबाजारातील योजनांशी तुलना जुना विमा संपल्यापासून ६० दिवसांतच करावी. एच-१बी व्हिसावरील मराठी कुटुंबांनी नव्या मालकाचा अर्ज नोकरी संपल्यानंतर मिळणाऱ्या कमाल ६० दिवसांच्या सवलतीत दाखल करून घ्यावा.