चिनी विद्यार्थ्यांना 'एक्स्क्लेम' शिकवायचंय?

ऑनलाइन इंग्रजी शिकवताना चिनी विद्यार्थी असतील तर एक्स्क्लेम (म्हणजे उद्गारणं) हा शब्द आला की जरा थांबा. इंग्रजी-चिनी डिक्शनरीत त्याच्यापुढे जिंगज्याओ असं काहीतरी दिलेलं असतं, म्हणजे दचकून ओरडणं, मग ती पोरं काय करतात तर उंदीर दिसला, कुत्रा अंगावर आला अशाच ठिकाणी तो टाकतात. पण केक बघून खुशीत "अय्या, किती मस्त!" म्हटलं तरी ते एक्स्क्लेमच, भीती असलीच पाहिजे असं काही नाही. फक्त तोंडून शब्द निघायला हवेत, नुसतीच किंकाळी असेल तर स्क्रीम.

आणि हा शब्द पुस्तकी आहे हो, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आपल्या घरी कुणी म्हणतं का "आई उद्गारली"? तसंच आहे ते. गोष्टीत, निबंधात छान दिसतो, गप्पा मारताना मात्र सरळ सेड वापरायचं, नाहीतर मित्र हसतील.

कुणी गुपित चुकून बोलून गेला असेल तर मात्र एक्स्क्लेम नाही, ब्लर्ट आउट. त्याला चिनीत तयार चार अक्षरी वाक्प्रचार आहे, थुओ-खोऊ-अर-छू, तोंडातून सुटून बाहेर पडलं, तो ऐकला की लगेच ट्यूब पेटते. पण तो झटकन सुचलेल्या चांगल्या उत्तरालाही चालतो, म्हणून "नको ते बोलून गेला" एवढं वरून जोडा.

खरी गडबड वाक्यात होते. चिनी गोष्टीत बहुतेक वेळा आधी कोण बोललं ते येतं, मग कोलन, मग अवतरण. इंग्रजीत बऱ्याचदा उलटं, "व्हॉट अ व्ह्यू!" शी एक्स्क्लेम्ड. उद्गारचिन्ह दिलं की स्वल्पविराम नाही, आणि शी मधला एस छोटाच, चिनी लिपीत कॅपिटल-स्मॉल भानगडच नसल्यामुळे हे चार-चारदा सांगावं लागतं. शिवाय "शी एक्स्क्लेम्ड मी" असं नाही चालत, माणूस आणायचाच तर मध्ये टू हवा, आणि ज्या वस्तूबद्दल उद्गार काढले तिच्याआधी ओव्हर किंवा अ‍ॅट.

उच्चाराचं म्हणाल तर मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी व्यंजन आलं तर न, ङ किंवा फार तर र, त्यामुळे एक्स्क्लेम्डचा शेवटचा म्ड तोंडात बसतच नाही, एक्स्क्लेन असं काहीतरी ऐकू येतं. त्यात चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून लिहितानाही भूतकाळाचा -ed गायब. यावर माझा जुगाड म्हणजे पुढे स्वरानं सुरू होणारा शब्द घ्यायचा आणि ड त्याला चिकटवायचा, जसं "एक्स्क्लेम्ड इन डिलाइट" (आनंदानं उद्गारली) याचं: एक्स्क्लेम, डिन, डिलाइट. असं तोडून दहा वेळा म्हणून घ्या, मग हळूहळू जोडा.