अल्जिनेट वाट पाहत नाही : हातांचे साचे घेऊ पाहणाऱ्यांसाठी

आत्या आणि आतोबांच्या गुंफलेल्या हातांचा साचा मी एका शनिवारी संध्याकाळी घेतला आणि त्यात प्लास्टर रविवारी सकाळी ओतले. मधल्या १४ तासांत जे बिघडले ते पुन्हा कधी दुरुस्त करता आले नाही, कारण त्यानंतर अकराव्या दिवशी आत्या गेली. मृत्यू, आजारपण आणि माणसाला माणसाची असलेली सोबत या विषयांवर स्टुडिओत काम करू इच्छिणारी मुले-मुली शिल्पकलेचे शिक्षण संपवून अधूनमधून माझ्याकडे येतात आणि सुरुवात कुठून करावी असे विचारतात. त्यांना मी आधी हे १४ तास सांगते, म्हणून येथेही तेच आधी सांगते.

प्लास्टर कसे कालवायचे आणि पीस मोल्ड (तुकड्यातुकड्यांनी सुटणारा साचा) कसा करायचा हे तुम्हाला येते असे मी गृहीत धरते. अल्जिनेटशी मात्र बहुतेकांची ओळख दातांच्या दवाखान्यापुरतीच असते. तपकिरी समुद्री शेवाळातील द्रव्यापासून केलेली ही पूड बादलीत पाण्याने कालवून त्यात हात बुडवले की काही मिनिटांत तिचा मऊ, लवचिक गोळा होतो आणि त्यात कातडीवरची रेघ न् रेघ उमटते. पण त्या गोळ्याच्या वजनात बहुतांश भाग पाण्याचाच असतो, ही गोष्ट हातांच्या सुरेख ठशाकडे पाहताना आपण विसरतो. साचा उघडा ठेवला तर पाणी उडून जाते आणि तो आकसतो. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधला तरी तो आतले पाणी हळूहळू बाहेर टाकत राहतो आणि आकसतोच. पाण्यात बुडवून ठेवला तर उलट फुगतो, आणि फुगतानाही सगळीकडे सारखा फुगत नाही. मी ओला पंचा गुंडाळला, वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि निर्धास्त झोपले. सकाळी साच्याच्या कडा बादलीपासून सुटलेल्या होत्या. दोन तळव्यांच्या मध्ये जिथे किंचित फट राहते तिथे अल्जिनेटचा कागदाइतका पातळ पडदा तयार होतो. तो सर्वांत आधी सुकला होता आणि दोन ठिकाणी चिरला होता. प्लास्टर त्या चिरांतून पलीकडे गेले आणि आत्याची तर्जनी आतोबांच्या तळव्याशी गाठीसारखी जोडली गेली. बाकीची बोटे तिच्या आजारी बोटांहूनही बारीक आली.

प्लास्टरचे पोते त्याच खोलीत होते. मी थांबले ते केवळ माझे एक शिक्षक रविवारी येणार होते म्हणून. ओतकाम त्यांच्या देखरेखीखाली व्हावे असे मला वाटत होते. पेणला गणपतीच्या कारखान्यात दोन हंगाम काम करून शेकडो साचे मी तोवर भरले होते आणि माझा हात तयार होता, तरी माझा माझ्या हातावर विश्वास नव्हता. जाणत्या माणसाचा सल्ला तालमीच्या वेळी घ्यावा, स्वतःच्या हातांचे दहा-बारा साचे घेऊन ते त्याला दाखवावेत, त्याने काढलेल्या चुका निमूटपणे ऐकाव्यात. पण आजारी माणूस समोर बसलेला असताना कोणाच्याही परवानगीसाठी काम अडवून ठेवू नये. तो जाणता माणूस कितीही मोठा असला तरी माझे मत हेच राहील.

म्हणून हात बादलीत जाण्याआधी प्लास्टर तोललेले, पाणी मोजलेले आणि कालवण्याचे भांडे शेजारी असलेच पाहिजे. हात बाहेर आले की अर्ध्या तासाच्या आत ओतकाम सुरू करा. प्लास्टरचा पहिला थर पातळ ठेवा आणि बादली कलती करून सगळीकडून फिरवा, नाहीतर बोटांच्या टोकांशी हवा अडकते आणि नखे येत नाहीत. अल्जिनेट गार पाण्यात कालवले तर ते सावकाश घट्ट होते आणि कापऱ्या हातांना स्थिरावायला वेळ मिळतो. पण फार गार पाणी म्हाताऱ्या हातांना सोसत नाही, तेव्हा आधी स्वतःचा हात घालून पाहा. अंगठ्या काढून ठेवा. सलाईनची सुई लावलेल्या हाताला साचा घ्यायचाच नाही, कुटुंबाने कितीही आग्रह केला तरी नाही.

अल्जिनेट महाग पडते म्हणून थेट हातावरच प्लास्टर ओतण्याचा मार्ग काहीजण सुचवतात. तो धरू नका. प्लास्टर घट्ट होताना तापते, जाड थरात तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि त्या क्षणी आत अडकलेला हात बाहेर काढता येत नाही. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, त्याला चटका उशिरा जाणवतो आणि जाणवला तरी तो तुमच्या भिडेखातर बोलत नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण यात भाजलेली बोटे मी पाहिली आहेत.

इतके वाचून धास्ती वाटली असेल तर वाटू द्या, पण मागे फिरू नका. हे काम जुने आहे आणि ते ज्यांनी केले त्यांच्याकडे आपल्याहून कमी साधने होती. हॅरिएट हॉस्मर या तरुण शिल्पकार स्त्रीने १८५३ मध्ये रोमला एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग या कवी दांपत्याच्या एकमेकांत गुंतलेल्या हातांचा साचा घेतला. एलिझाबेथ आठ वर्षांनी गेली. ते हात ब्राँझमध्ये आजही एकमेकांना धरून आहेत. लिओनार्ड व्होक या शिल्पकाराने १८६० मध्ये लिंकनच्या हातांचे साचे घेतले तेव्हा उजवा हात सुजलेला होता, कारण राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर अभिनंदनासाठी येणाऱ्या असंख्य लोकांशी त्याने हस्तांदोलन केले होते. ती सूज साच्यात आली आहे. परक्या माणसांचे स्पर्श त्या एका हातात साठून राहिले आहेत. फ्रेंच शिल्पकार रोदँने १९०८ मध्ये ‘कॅथेड्रल’ घडवले त्यात दोन्ही हात उजवे आहेत. एका माणसाला दोन उजवे हात नसतात, त्यामुळे तिथे दोन माणसे आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. कवटी, विझलेली पणती, सुकलेले पान असल्या ठरलेल्या खुणांच्या मागे लागणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन उजवे हात दाखवते.

माझ्या बिघडलेल्या साच्यात एक जागा मात्र नीट समजून घ्यायला मला फार दिवस लागले. आतोबांचा अंगठा पुसट आला होता. त्याच्या रेषा एकावर एक दोनदा उमटल्यासारख्या दिसत होत्या आणि मी तोही दोषच धरला होता, कारण ‘चार मिनिटे अजिबात हलू नका’ असे मी दोघांना बजावले होते. बादलीच्या आत हात दिसत नाहीत. वर दोघे माझ्याकडे पाहत शांत बसले होते, आणि आत आतोबांचा अंगठा आत्याच्या बोटावरून हळूहळू फिरत होता. आता मी कोणालाही ‘हलू नका’ म्हणत नाही. ‘एरवी हात जसा धरता तसा धरा’ एवढेच सांगते. रेषा पुसट आल्या तर येऊ देते.

कुटुंबाशी बोलताना दोन गोष्टी आधीच ठरवा आणि शक्य तर लिहून घ्या. अल्जिनेटचा साचा काढतानाच फाटतो, त्यामुळे त्यातून एकच प्रत मिळते. ती पहिली प्रत कुटुंबाची. प्रदर्शनासाठी प्रत हवी असेल तर त्या पहिल्या प्रतीवरून सिलिकोनचा साचा करावा लागतो आणि त्यासाठी परवानगी वेगळी मागावी लागते, तीही आजारी व्यक्तीकडून, ती शुद्धीवर असताना. नातेवाइकांची संमती त्यात धरू नये. पैशांचे विचाराल तर या कामावर घर चालत नाही. माझे घर आजही अर्धपुतळ्यांच्या मागणीवर चालते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आणि बिघडलेली प्रत फोडू नका. मी ती लाजेपोटी तीन महिने माळ्यावर ठेवली होती. एके दिवशी आतोबा स्वतः स्टुडिओत आले, जिन्यावरून सावकाश चढून, आणि बसायच्या आतच म्हणाले, “अगं, ते आमचे हात कुठे ठेवलेस?” मी गाठ दाखवली, बारीक आलेली बोटे दाखवली, चूक माझी होती हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मांडीवरचे उपरणे पसरले आणि त्यात ती प्रत गुंडाळून घेतली. प्लास्टरला पाणी लावू नका, एवढीच सूचना मी त्यांना केली. त्यांच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात ती आजही आहे, आणि आंघोळ झाली की ते कोरड्या मलमलीच्या फडक्याने ती पुसतात; अंगठ्यापासून सुरुवात करतात.