टीबीची लाल गोळी (रिफाम्पिसिन) कशी घ्यायची, कशाला घाबरायचं अन् कशाला नाही

गोळ्या सुरू केल्या त्याच दिवशी दुपारी लघवी एकदम नारिंगी झाली आणि माझी फाटली, वाटलं रक्तच पडतंय. आधी कोणी सांगितलंच नव्हतं. रिफाम्पिसिनचा स्वतःचाच रंग विटकरी लाल असतो आणि तो लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी सगळ्यातून बाहेर येतो, माझ्या बनियनच्या काखा केशरी झालेल्या. त्याने काही होत नाही, फक्त कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या डागाळतात, म्हणून तेवढे महिने चष्मा वापरा.

घ्यायची कशी, तर सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या तासभर आधी किंवा जेवल्यावर २ तासांनी. रोज एकच वेळ ठेवा. अ‍ॅसिडिटीचं औषध लगेच त्याच्यावर घेऊ नका, गोळी नीट अंगी लागत नाही. साधा टीबी असेल तर पहिले २ महिने चार औषधं आणि पुढचे ४ महिने तीन, एकाच गोळीत मिसळलेली असतात, किती गोळ्या ते वजनावर ठरतं, त्यामुळे शेजारच्याच्या बघून घ्यायच्या नाहीत. एखादा डोस राहिला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी डबल नाही.

आता खरं घाबरायचं कशाला ते. डोळे पिवळे होणं, सारखी मळमळ-उलटी, अन्नावरची वासनाच जाणं, पोटात उजवीकडे दुखणं, हे लिव्हरचं लक्षण असू शकतं, तेव्हा पुढची गोळी घ्यायच्या आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दारू पूर्ण बंद, इथे 'थोडीशी चालते' वगैरे काही नाही. अंगावर पुरळ आलं, धाप लागली किंवा कुठून रक्त येतंय असं दिसलं तरी वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

बायकांनी एक गोष्ट नक्की विचारायची. ह्या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, कंडोम किंवा कॉपर-टी असं दुसरं काहीतरी लागतं. रक्त पातळ करायची, शुगरची, एचआयव्हीची औषधं चालू असतील तर तेही आधीच सांगा, कारण रिफाम्पिसिन लिव्हरला ती औषधं भराभर संपवायला लावतं आणि त्यांचा असर कमी होतो.

दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. पण सुस्त पडलेले जंतू आत असतातच, आणि अर्धवट सोडलं की तेच औषधाला दाद न देणारे होऊन परत येतात, मग कोर्स जास्त कडक होतो. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, निक्षयमध्ये (टीबी पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही खात्यात येतात, बँक पासबुक सोबत ठेवा.