पटकथा स्पर्धेत नंबर आला, तरी फोन येत नाही? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा एकमेकांच्या पटकथा वाचायला जमतो. नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "स्पर्धेत नंबर आला तर एजंट मिळतो का?" लेखकाचं काम आणि करार बघणारा असा माणूस मिळू शकतो. पण स्पर्धेने होतं एवढंच, की तुम्हाला न ओळखणारं माणूस तुमची पटकथा वाचायला घेतं. पुढे काही घडायचं तर त्याची तयारी प्रवेशिका भरण्याआधीपासून लागते आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

नाशिकच्या लेखकाला स्पर्धेची गरज मुंबईकरापेक्षा जास्त आहे, असं मी मनापासून मानतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, 1913 मध्ये त्यांनी आपली कंपनी नाशिकला आणली. आज मात्र पटकथेला होकार-नकार देणारी माणसं अंधेरीत बसतात. तिथल्या चहाच्या टपरीवर रोज भेटणाऱ्याला जी ओळख आपसूक मिळते, ती आपल्याला कागदावरून मिळवावी लागते.

शेवटी कोण वाचणार, हे न बघता पैसे भरणं

ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. परदेशी स्पर्धांच्या फी डॉलरमध्ये भरल्या, तीन ठिकाणी 'सेमीफायनलिस्ट' झालो, स्पर्धा देतात ती पानांच्या माळेची चिन्हं (लॉरेल) ईमेलच्या खाली लावली. त्या स्पर्धांचे परीक्षक कोण होते, हे मला आजही माहीत नाही. मुंबईत ज्यांना ज्यांना ती चिन्हं पाठवली, त्यांच्यापैकी एकानेही त्या स्पर्धांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

याउलट अमेरिकेतली निकोल फेलोशिप घ्या. ती ऑस्कर देणारी अकादमीच चालवते. काही वर्षी सात हजारांहून जास्त पटकथा आल्या आणि निवड झाली जास्तीत जास्त पाच जणांची. तिथे शेवटच्या फेरीत पोचलेलं नाव एजंट आणि निर्माते स्वतःहून शोधतात. माइक रिच हे पोर्टलंडला रेडिओवर काम करत होते, हॉलिवूडपासून लांब. 1998 मध्ये त्यांना ही फेलोशिप मिळाली आणि 2000 मध्ये तीच पटकथा पडद्यावर आली. म्हणजे असं घडतं. पण घडलं ते वाचणारे कोण होते, यामुळे. निकोलसाठी पटकथा इंग्रजीतच लागते आणि 2025 पासून थेट प्रवेशिका बंद झाल्या आहेत. विद्यापीठं, पटकथा ठेवून अभिप्राय मिळवायची 'ब्लॅक लिस्ट' ही वेबसाइट अशा ठरावीक वाटांनीच जावं लागतं. जुने लेख वाचून तयारी करू नका.

आपल्याकडे 2018 मध्ये सिनेस्तान या कंपनीची पटकथा स्पर्धा झाली, तेव्हा आमिर खान, राजकुमार हिरानी, जुही चतुर्वेदी आणि अंजुम राजाबली परीक्षक होते. पहिलं बक्षीस 25 लाखांचं होतं. माझ्या लेखी त्या चार जणांनी पटकथा वाचणं हे बक्षिसापेक्षा मोठं. एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) पटकथा लॅबही 2007 पासून याच कारणासाठी मोलाची ठरली आहे. तिथे जाणकारांसोबत ड्राफ्टवर काम होतं आणि पुढे गोव्याच्या फिल्म बाजारमध्ये निर्मात्यांसमोर गोष्ट मांडता येते.

म्हणून फी भरण्याआधी दोन गोष्टी शोधा. अंतिम फेरी कोण वाचतं? आणि मागच्या तीन वर्षांचे विजेते आज काय लिहीत आहेत? दोन्हींची उत्तरं सापडली नाहीत, तर ते पैसे मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसच्या पासावर खर्च करा.

मराठीत हॉलिवूडसारखा एजंट शोधणं

तिकडे एजंट दहा टक्के कमिशन घेतो आणि काम, करार, पैसे सगळं बघतो. मुंबईत लेखकांचं काम बघणाऱ्या एजन्सी आहेत, पण मोजक्याच, आणि त्यांचा ओढा हिंदी आणि ओटीटीकडे. मराठी सिनेमात लेखकासाठी शब्द टाकतो तो एखादा दिग्दर्शक, सहनिर्माता किंवा चॅनेलमधला क्रिएटिव्ह हेड. त्यामुळे निकालानंतर केवळ एजन्सींना ईमेल करत बसू नका. तुमच्या पटकथेच्या जातकुळीचा सिनेमा करणारे दहा दिग्दर्शक निवडा आणि त्यांना लिहा.

एकच पटकथा घेऊन जाणं

एका स्पर्धेत पहिल्या दहात आल्यावर मला अंधेरीच्या एका निर्मिती संस्थेतून फोन आला. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी पकडली, दादरला उतरून अंधेरी गाठली. समोरच्या बाईंनी माझी पटकथा खरंच वाचली होती. पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या म्हणाल्या, "आवडली. पण आमच्या बजेटमध्ये ही बसणार नाही. दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

माझ्याकडे दोन वनलाइन, म्हणजे थोडक्यातल्या गोष्टी होत्या, त्याही डोक्यात. एक सांगायला लागलो आणि मध्यंतरापर्यंत पोचेस्तोवर नायिकेचं नाव दोनदा बदललं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. अतिशय सौजन्याने म्हणाल्या, "लिहून झालं की पाठवा." ते लिहून व्हायला चौदा महिने लागले. तोवर त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या होत्या.

लेखकाची बाजू घेणाऱ्याला एका पटकथेत रस नसतो, हा माणूस पुढची पाच वर्षं लिहील का, हे त्याला बघायचं असतं. दुसरी पटकथा पूर्ण, तिसरीची पाच-सहा पानांची सिनॉप्सिस (गोष्टीचा सारांश) तयार आणि दहा मिनिटांचं नरेशन, म्हणजे गोष्ट तोंडी सांगणं, तोंडपाठ, एवढं हवंच. नरेशनचा सराव घरच्यांसमोर करा. मुंबईत आजही कित्येक निर्णय वाचून नाही, ऐकून होतात.

पत्रात गोष्टच नसणं

आमच्या गटातल्या एकाने लिहिलेली ओळ: 'शेतकऱ्याच्या संघर्षाची आणि नात्यांची हृदयस्पर्शी कहाणी.' यातून काहीच दिसत नाही. दोन तास बसून ती अशी झाली: 'औषधाच्या अंशामुळे द्राक्षांचा कंटेनर युरोपातून परत येतो, कर्जात बुडालेला निफाडचा बागायतदार बंदी असलेली फवारणी कोणी केली हे शोधत निघतो आणि माग त्याच्या सख्ख्या भावाच्या गोडाऊनपर्यंत पोचतो.' पत्रात पहिली ही ओळ, मग स्पर्धेचं नाव आणि कितवा नंबर, मग 'सोबत आणखी एक पटकथा तयार आहे'. बस. 'क्वार्टरफायनलिस्ट' असाल तर ते लिहू नका, गोष्टच पुढे करा.

नियमांतली हक्कांची ओळ न वाचणं

'विजेत्या संहितेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं असेल, तर भाग घेऊ नका. हक्कच गेले, तर एजंट काय विकणार? कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क लेखी करारानेच दुसऱ्याला देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. फॉर्मवरची टिकमार्क किरकोळ समजू नका. पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची ऑनलाइन नोंदणी करा. त्याने तारखेचा पुरावा राहतो. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून वनलाइन नव्हे, पूर्ण लिहिलेली संहिता नोंदवा.

निकालानंतर वाट बघणं

फोन येईल म्हणून थांबू नका. निकालाच्या आठवड्यातच पत्रं गेली पाहिजेत, कारण महिन्याभराने त्या यादीची आठवण कोणालाच राहत नाही. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकच आठवण, नंतर नवीन पटकथा झाली की पुन्हा लिहा.

आमच्या गटात आता एक नियम आहे. दुसऱ्या पटकथेचा पहिला ड्राफ्ट सगळ्यांसमोर वाचून झाल्याशिवाय पहिलीची प्रवेशिका कोणी भरत नाही. द्राक्षांच्या कंटेनरची गोष्ट लिहिणाऱ्याच्या दुसऱ्या पटकथेचं वाचन येत्या रविवारी आहे.